पुडीवरचे प्रमाण आणि समोरचे बाळ

दीड किलोपेक्षा कमी वजन घेऊन जन्मलेल्या बाळाला आईच्या दुधाइतके मानवणारे दुसरे अन्न नाही, आणि तरीही नुसत्या आईच्या दुधावर अशा बाळाची वाढ पुरेशी होत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काम करताना मला रोज ती दोन्ही एकत्र सांभाळावी लागतात. पहिल्या विधानाबद्दल आता वाद उरलेला नाही. ॲलन लुकास आणि टिमोथी कोल यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, केवळ फॉर्म्युलावर, म्हणजे डब्यातल्या भुकटीच्या दुधावर, वाढवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस, म्हणजे आतड्याचा भाग निकामी करणारा जीवघेणा आजार, केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांपेक्षा ६ ते १० पट अधिक आढळला होता. दुसरे विधान मात्र पालकांना खटकते. दुधातील प्रथिने आणि खनिजे वाढवणारी, फॉर्टिफायर नावाची छोटी पुडी दुधात का मिसळायची, किती मिसळायची आणि कोणत्या बाळाच्या दुधात किती मिसळायची, हे प्रश्न त्यातूनच उभे राहतात. मला मुख्यतः शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे, कारण तोच आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जातो.

गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५ ते २० ग्रॅम वाढत असते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या हाडांत जेवढे कॅल्शियम आणि फॉस्फरस असते, त्यातले साधारण ८० टक्के याच काळात नाळेवाटे जमा होते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा हा पुरवठा एका क्षणात तुटतो, पण वाढीची गरज मात्र तीच राहते. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ६५ ते ७० किलोकॅलरी ऊर्जा, १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तीन किलोच्या बाळाला ते पुरून उरते. हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाला आपण किलोमागे १६० मिलिलिटर दूध दिले, तरी त्यातून प्रथिने १.६ ते १.९ ग्रॅम आणि कॅल्शियम अवघे ४० मिलिग्रॅम मिळते. युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या ‘एस्पगन’ या संस्थेने २०२२ च्या शिफारशींत अशा बाळांसाठी किलोमागे रोज ३.५ ते ४ ग्रॅम प्रथिने, वाढ मंद असेल तर ४.५ ग्रॅमपर्यंत, ११५ ते १४० किलोकॅलरी ऊर्जा आणि किमान १२० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. ही तफावत दूध वाढवून भरून निघत नाही, कारण तेवढे दूध त्या इवल्याशा पोटात मावणारच नाही.

म्हणून फॉर्टिफायर. बहुतेक फॉर्टिफायर गाईच्या दुधातील प्रथिनांपासून बनवलेल्या भुकटीच्या स्वरूपात मिळतात आणि त्यांत कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, जस्त व जीवनसत्त्वे घातलेली असतात. बाळ किलोमागे साधारण ५० ते १०० मिलिलिटर दूध पचवू लागले की ही भुकटी सुरू करतात. पाकिटावर अमुक मिलिलिटर दुधात एक पुडी असे प्रमाण लिहिलेले असते, आणि बहुतेक विभागांत तेच प्रमाण सर्व बाळांना, पहिल्या पुडीपासून घरी जाईपर्यंत, बदल न करता चालू राहते. यालाच प्रमाणित फॉर्टिफिकेशन म्हणतात.

या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे १.५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत असे मानून हिशेब मांडलेला असतो. फॉर्टिफायरमधून आणखी १ ग्रॅम मिळाले की २.५ ग्रॅम होतात आणि किलोमागे १६० मिलिलिटर दूध दिले की बरोबर ४ ग्रॅम प्रथिने पोहोचतात. कागदावर हा हिशेब चोख आहे. प्रत्यक्षात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधातील प्रथिने पहिल्या एक-दोन आठवड्यांत भरपूर असतात आणि मग आठवड्यागणिक उतरत जातात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती १.२ वर आलेली असतील, तर त्याच पुडीने, तेवढ्याच दुधात, बाळाला ३.५ ग्रॅम मिळतात. दूध दुग्धपेढीतून, म्हणजे इतर मातांनी दान केलेल्या दुधाच्या साठ्यातून, आलेले असेल आणि त्यात ०.९ ग्रॅमच प्रथिने असतील, तर हाच आकडा ३ ग्रॅमवर येतो. आणि एखाद्या बाळाची हृदयाजवळची नलिका उघडी आहे किंवा फुप्फुसे अजून अशक्त आहेत म्हणून दूध १३० मिलिलिटरवर रोखून धरले असेल, तर १.२ ग्रॅम प्रथिनांच्या दुधातून पुडी घालूनही ३ ग्रॅमसुद्धा पोहोचत नाहीत. शिवाय सगळे फॉर्टिफायर सारखे नसतात. काहींत प्रथिने बरीच कमी असतात, आणि पाकिटामागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचल्याशिवाय ते कळत नाही.

याचे एक बोलके उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. शेजारशेजारच्या दोन वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यांवर, जवळजवळ सारख्या वजनाची दोन बाळे होती. दोघांचेही वय महिन्याच्या आसपास होते, दोघांच्याही दुधात एकच फॉर्टिफायर एकाच प्रमाणात मिसळला जात होता आणि दोघांच्याही चार्टवर एकच ओळ लिहिलेली होती. पहिले बाळ आईच्या दुधावर होते आणि किलोमागे रोज १८ ग्रॅम वाढत होते. दुसऱ्याची आई स्वतःच अत्यवस्थ असल्यामुळे ते पेढीच्या दुधावर होते आणि ११ ग्रॅमच्या पुढे जात नव्हते. रक्तातील युरिया नायट्रोजन पहिल्याचा डेसिलिटरमागे १४ मिलिग्रॅम होता आणि दुसऱ्याचा ५. सोडियम, हिमोग्लोबिन, जंतुसंसर्गाच्या तपासण्या यांतून दुसरे काही कारण निघाले नाही. दुसरे बाळ आजारी नव्हते, ते उपाशी होते, आणि चार्टवर सगळे नियमाप्रमाणे चालले होते.

युरियाचा हा आकडाच एका साध्या आणि स्वस्त पद्धतीचा पाया आहे. पचलेल्या प्रथिनांतला जो भाग शरीर बांधण्यात खर्ची पडत नाही, त्याचा युरिया होतो. आकडा फार कमी असेल तर आलेली सगळी प्रथिने वापरली जात आहेत आणि आणखी हवी आहेत. आकडा वर जात असेल तर प्रथिने गरजेपुरती किंवा गरजेपेक्षा जास्त आहेत. सर्तच अर्सलानोग्लू, ग्विदो मोरो आणि एकहार्ड झिग्लर यांनी २००६ साली या तत्त्वावर आधारलेल्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आठवड्यातून दोनदा युरिया नायट्रोजन पाहिला जाई, तो ९ च्या खाली असला की फॉर्टिफायर एक पायरी वाढवत, १४ च्या वर गेला की एक पायरी उतरवत, आणि वरच्या पायऱ्यांवर वेगळी प्रथिनांची भुकटीही मिसळत. अभ्यास छोटा होता, पण फरक ठळक होता: ठरावीक प्रमाणावरच्या बाळांचे वजन किलोमागे रोज १४.४ ग्रॅमने वाढले आणि बदलत्या प्रमाणावरच्या बाळांचे १७.५ ग्रॅमने, डोक्याचा घेरही १ मिलिमीटरऐवजी रोज १.४ मिलिमीटर वाढला. याच गटाने २००९ साली त्या बाळांना प्रत्यक्षात मिळालेली प्रथिने आणि हिशेबात धरलेली प्रथिने यांची तुलना मांडली, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा सातत्याने कमी निघाला. युरोपातील दुग्धपेढ्यांच्या संघटनेच्या कार्यगटाने २०१९ साली व्यक्तिगत फॉर्टिफिकेशनचा, म्हणजे प्रत्येक बाळाच्या गरजेप्रमाणे पुडी ठरवण्याचा, पुरस्कार केला आणि युरिया नायट्रोजनसाठी १० ते १६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा सुचवली. पुढे वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानेही वजन, लांबी आणि डोक्याचा घेर या तिन्हींत व्यक्तिगत पद्धत सरस असल्याचे नोंदवले, पुराव्याचे बळ मध्यम ते कमी आहे हे प्रामाणिकपणे सांगूनच.

इथे आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आपल्या अनेक प्रयोगशाळा रिपोर्टात ‘ब्लड युरिया’ देतात, तर शोधनिबंधांतले आकडे ‘ब्लड युरिया नायट्रोजन’चे असतात. युरियाचा आकडा नायट्रोजनच्या आकड्याच्या २.१४ पट असतो. म्हणजे १० ते १६ ही मर्यादा युरियात साधारण २१ ते ३४ होते. रिपोर्टावर युरिया १८ लिहिलेला पाहून ‘हा तर १६ च्या वर गेला, पुडी कमी करा’ असे कोणी म्हटले, तर ज्या बाळाला प्रथिने वाढवून हवी होती त्याचीच कमी होतात. आम्ही आमच्या विभागात रिपोर्टावरचा शब्द आधी वाचायचा आणि चार्टवर आकडा नेहमी नायट्रोजनमध्येच उतरवायचा, असा नियम ठेवला आहे.

युरियाही डोळे झाकून वाचण्यासारखा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तो मूत्रपिंडांच्या अपरिपक्वतेमुळे आणि पाण्याच्या कमी-अधिक प्रमाणामुळे हलतो. त्या काळात त्यावरून दुधाचा निर्णय घेऊ नये. मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले असताना, जंतुसंसर्गात किंवा फुप्फुसांसाठी स्टेरॉइड चालू असताना युरिया वर जातो, तेव्हा तो प्रथिनांच्या रेलचेलीची नव्हे, तर शरीराच्या झिजेची खूण असू शकतो. आणि अकराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त जेमतेम १०० मिलिलिटर असते, याचेही भान हवे. अभ्यासात आठवड्यातून दोनदा तपासणी होत असे. मी मात्र स्थिर बाळात आठवड्यातून एकदाच, दुसऱ्या तपासण्यांसाठी रक्त काढायचे असेल त्याच वेळी, युरिया पाहते. थोडी उशिरा मिळालेली माहिती रक्त चढवण्याची वेळ आणण्यापेक्षा बरी, असे माझे मत आहे.

पायरी वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे, हेही बाळागणिक बदलते. हृदय आणि फुप्फुसे साथ देत असतील तर मी पहिल्यांदा दुधाचे प्रमाण किलोमागे १७० ते १८० मिलिलिटरपर्यंत नेते, कारण त्यातून सगळेच घटक एकत्र वाढतात आणि दूध दाट होत नाही. ते शक्य नसेल तर फॉर्टिफायरचे प्रमाण वाढवते किंवा जास्त प्रथिने असलेला फॉर्टिफायर निवडते. दाटपणाला मर्यादा आहे. आईच्या साध्या दुधाची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, ३०० च्या आसपास असते, फॉर्टिफायरने ती ४०० च्या घरात जाते आणि ४५० च्या वर जाऊ नये असा संकेत आहे. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचे थेंब त्याच दुधात घातले तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. म्हणून थेंब वेगवेगळ्या वेळच्या दुधातून विभागून द्यावेत.

दुसरी पद्धत अधिक काटेकोर आहे. तिच्यात दूधच तपासतात. इन्फ्रारेड किरणांवर चालणाऱ्या यंत्रात काही मिलिलिटर दूध घालून त्यातील स्निग्धांश, प्रथिने आणि लॅक्टोज मोजायचे आणि जे कमी असेल तेवढेच, वेगवेगळ्या भुकट्या किंवा तेलाच्या रूपाने, वर मिसळायचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये अशा एका यंत्राला मान्यता दिली. कॅनडातील हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात क्रिस्टोफ फुश आणि नील्स रोखोव यांच्या गटाने या पद्धतीवर वर्षानुवर्षे काम केले, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अशा दुधावरची बाळे अधिक चांगली वाढली. पण मोजमापासाठी दूध ४० अंशांवर गरम करून, ध्वनिलहरींनी एकजीव करूनच यंत्रात घालावे लागते, नाहीतर वर तरंगणारी साय आकडा बिघडवते. दिवसभराच्या दुधाचा एकत्र नमुना घ्यावा लागतो, कारण सुरुवातीचे पातळ आणि शेवटचे दाट दूध यांत स्निग्धांशाचा मोठा फरक असतो. यंत्राची किंमत, त्याची देखभाल आणि त्यासाठी वेगळे मनुष्यबळ हे सगळे जमेस धरले, तर जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाने या यंत्राची वाट पाहत बसू नये असे मला मनापासून वाटते. युरिया मोजण्याची सोय तालुक्याच्या प्रयोगशाळेतही आहे. ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा आणि न ताणणारी मोजपट्टी एवढ्यावर बाळाप्रमाणे दूध ठरवायला आजच सुरुवात करता येते.

वजनाबद्दल मात्र सावध राहायला हवे. रोजचे वजन लघवी, शी, सलाईन आणि अंगावरच्या नळ्या यांनी वर-खाली होते, म्हणून मी आठवड्याचा वेग पाहते: दोन वजनांतला फरक, भागिले सरासरी वजन, भागिले दिवस. १,१०० ग्रॅमचे बाळ सात दिवसांत १,२४० ग्रॅमचे झाले, तर वाढ किलोमागे रोज १७ ग्रॅम झाली, आणि ती चांगली आहे. पण बाळ गुटगुटीत दिसू लागले म्हणजे नीट वाढले असे नाही. ऊर्जा भरपूर आणि प्रथिने कमी असतील तर बाळ चरबी धरते, लांबी आणि डोक्याचा घेर मात्र मागे राहतो. शेवटचे दाट दूध वेगळे काढून दिल्याने वजन वाढते हे खरे, पण त्यात स्निग्धांश वाढतो, प्रथिने नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा डोक्याचा घेर आणि लांबी मोजलीच पाहिजे. दोन्ही साधारण सेंटिमीटरभर वाढणे अपेक्षित असते. लांबी मोजायला दोन माणसे लागतात, एक डोके धरायला आणि एक गुडघे सरळ करून पाऊल फळीला टेकवायला. गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी हेच मोजमाप गाळले जाते. वाढीच्या आलेखांत फेंटन यांचा २०१३ चा आलेख आणि ‘इंटरग्रोथ’ प्रकल्पाचे आलेख जास्त वापरात आहेत. या दुसऱ्या प्रकल्पासाठी जगातील आठ ठिकाणी मोजमापे झाली आणि भारतातून निवडलेले ठिकाण नागपूर होते. आपल्या मातीतल्या बाळांची मोजमापे त्या रेषांमध्ये आहेत, हे मी नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगते.

प्रमाण कितीही विचारपूर्वक ठरवले तरी ते दुधात उतरते एका छोट्याशा ओट्यावर, बहुधा रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातून. समजा १,१०० ग्रॅमच्या बाळाला दर दोन तासांनी १५ मिलिलिटर दूध द्यायचे आहे आणि पुडी २५ मिलिलिटरसाठी आहे. मग अर्धी-पाऊण पुडी नजरेच्या अंदाजाने टाकली जाते. कधी भुकटीचा थर कागदाच्या कोपऱ्यात अडकून राहतो, कधी चिमूटभर जास्त पडते. दिवसातून बारा वेळा असा अंदाज झाला की चार्टवरचे प्रमाण आणि पोटातले प्रमाण यांचा संबंध तुटतो. त्यापेक्षा पूर्ण पुडी पूर्ण २५ मिलिलिटर दुधात मिसळावी, सिरिंजमध्ये भरून नाव आणि वेळ लिहावी, पहिला भाग द्यावा आणि उरलेले झाकून फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरावे. असे दूध २४ तासांच्या पुढे ठेवू नये. दूध घुसळू नये, हलकेच फिरवावे. गरम करताना कोमट पाण्यात ठेवावे, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. नळीतून देताना पंपावर तास-दीड तास सोडलेल्या दुधातला स्निग्धांश सिरिंजच्या आणि नळीच्या भिंतींना चिकटून राहतो. रिकाम्या नळीकडे उजेडात पाहिले तर तो पांढुरका थर दिसतो, आणि ती बाळाच्या तोंडची ऊर्जा असते. शक्य असेल तेव्हा दूध हाताने धरलेल्या सिरिंजमधून आपल्या वजनाने उतरू द्यावे. पंपच लावावा लागला तर सिरिंजचे टोक वर राहील असे ठेवावे, म्हणजे वर आलेली साय आधी बाळाकडे जाते.

या सगळ्याआधी आई येते. दुधात पुडी घालायची म्हटले की पहिला प्रश्न बहुधा आजीकडून येतो. “मॅडम, हिचं दूध पातळ आहे का हो? आम्ही डिंकाचे लाडू चालू केलेत, अळिवाची खीर देतोय, अजून काय देऊ?” आणि आई खाली मान घालून ऐकत असते. अशा वेळी मी आजींना बाजूला न सारता दोघींना एकत्र सांगते की दूध उत्तम आहे, ते तीन किलोच्या बाळासाठी अगदी पुरेसे आहे, पण हे बाळ बारा आठवडे आधी आले आहे आणि नाळेतून जे मिळायचे राहिले तेवढेच आपण वरून घालतो आहोत. लाडू आणि खिरीने बाळंतिणीची ताकद भरून येते आणि ती यायलाच हवी, पण दुधातील प्रथिनांचे प्रमाण आईच्या जेवणाने फारसे बदलत नाही, त्यामुळे युरिया कमी आला तर तो आईचा दोष नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. न सांगितल्यास आई मनातून खचते, दूध काढायला कमी वेळा येते, दूध आटते, आणि मग ज्या दुधाला जोड द्यायची तेच राहत नाही. बाळंतपणानंतर शक्यतो पहिल्याच तासांत दूध काढायला सुरुवात करावी, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा काढावे आणि रात्रीची एक वेळ चुकवू नये. चिकाचे चार थेंब आले तरी ते बाळाच्या तोंडाला लावावेत. कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी धरल्यावर दूध वाढते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आमच्या विभागात फॉर्टिफायरचा चार्ट आणि आईने काढलेल्या दुधाची नोंद एकाच कागदावर ठेवतो, कारण एकाचा निर्णय दुसऱ्याशिवाय घेता येत नाही.

आईचे दूध कमी पडले तर पुढचा पर्याय दात्या मातांचे दूध. या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा वारसा आहे: डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केलेली दुग्धपेढी ही आशियातील पहिली मानली जाते. पेढीतले दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे पाश्चरीकरण करून दिले जाते. त्यात रोगजंतू नष्ट होतात, पण स्निग्धांश पचवायला मदत करणारे लायपेज हे विकरही निकामी होते आणि संरक्षक घटक कमी होतात. शिवाय दान देणाऱ्या बहुतेक माता पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आणि प्रसूतीला काही आठवडे झालेल्या असतात, त्यामुळे त्या दुधात प्रथिने मुळातच कमी असतात. त्यामुळे पेढीच्या दुधावरच्या बाळाला आईच्या दुधावरच्या बाळाइतकीच पुडी घालणे मला पटत नाही. युरियाची वाट न पाहता, पहिल्या आठवड्यापासूनच त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शिफारशींत कमी वजनाच्या सरसकट सर्व बाळांना फॉर्टिफायर देऊ नये, मात्र ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी त्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. मला ही भूमिका योग्य वाटते. पावणेदोन किलोच्या, अंगावर ओढून पिणाऱ्या बाळाला पुडीची गरज बहुधा नसते. खर्चाचा प्रश्नही खरा आहे. फॉर्टिफायर परवडत नाही म्हणून अनेक ठिकाणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फॉर्म्युलाची भुकटी आईच्या दुधात मिसळतात, आणि दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाळांची वजनवाढ फॉर्टिफायरवरच्या बाळांपेक्षा कमी भरली नाही. अडचणीच्या वेळी हा मार्ग आहे, पण तो विभागात, मोजून आणि स्वच्छ हातांनी. कोणतीही भुकटी निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि खोलीच्या तापमानाला राहिलेल्या दुधात ते वाढतात. घरी आणलेल्या डब्यातून अंदाजाने चमचा टाकणे हे या बाळांच्या बाबतीत धोक्याचे आहे.

वाढ थांबली की लगेच दुधाकडे बोट दाखवू नये, हेही सांगायला हवे. लघवीतून सोडियम निसटत असेल तर कितीही प्रथिने घातली तरी बाळ वाढत नाही. रक्तातले फॉस्फरस कमी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांशी संबंधित विकर वाढत असेल तर हाडे कमकुवत होत आहेत आणि पुडीशिवाय वेगळे फॉस्फरस लागेल. दोन आठवड्यांनंतर किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम लोह हवेच. वॉर्मरवरून लवकर काढून थंड खोलीत ठेवलेले बाळ आपली ऊर्जा ऊब राखण्यातच घालवते. हे सगळे पाहून झाल्यावर पुडीची पायरी वाढवावी.

घरी जाताना पुडी बंद करायची की चालू ठेवायची, हा निर्णयही प्रत्येक बाळाचा वेगळा असतो. बाळ १,८०० ते २,००० ग्रॅमच्या आसपास आले, अंगावर नीट ओढू लागले, वजन, लांबी आणि घेर आपापल्या रेषेवर चालू असले, तर मी ती काही दिवसांत उतरवत बंद करते आणि त्यानंतर किमान तीन-चार दिवस बाळ विभागातच ठेवून वजन पाहते. ज्याची लांबी आणि घेर रेषेखाली घसरलेले आहेत, त्याला अंगावरचे दूध मुख्य ठेवून दिवसातून दोन वेळा वाटीत काढलेल्या दुधात फॉर्टिफायर घालून बोंडल्याने पाजायला आईला शिकवते, तिच्या हातून ते दोन-तीनदा करवून घेते आणि कार्डावर तारीख घालून लिहून देते की हे कधीपर्यंत चालू ठेवायचे. लोह आणि ड जीवनसत्त्व मात्र दोघांनाही चालूच राहते. पहिल्या आठवड्यात वजनाला बोलावते, मग दर पंधरा दिवसांनी. दोन-चार आठवड्यांनी फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि हिमोग्लोबिन पुन्हा पाहते. आणि प्रत्येक भेटीत वजनाच्या आधी डोक्याचा घेर मोजते.